लाडबोरीचे कडे

शके १९४४ च्या चैत्र शुद्ध प्रतिपदेस, म्हणजे इसवी सन २०२२ च्या एप्रिल महिन्याच्या २ तारखेस, शनिवारी, दिवेलागण होऊन तासाभराचा अवधी लोटला असता, खानदेशापासून वैनगंगेपर्यंतच्या आकाशातून एक अग्निरेखा वायव्येकडून आग्नेयेकडे गेली, आणि तिच्यामागोमाग चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तहसिलीतील लाडबोरी या खेड्यात, एका मोकळ्या जागेवर, धातूचे एक प्रचंड कडे येऊन पडले. मानवाच्या अंतराळप्रवासाचा इतिहास पुढे ज्या कोणास लिहावयाचा असेल, त्याने बैकानूर, केप कॅनाव्हेरल आणि श्रीहरिकोटा यांच्या जोडीला लाडबोरी हे नावही आपल्या टिपणवहीत नोंदवून ठेवावे, असे मला मनापासून वाटते. कारण वर जाणाऱ्यांचा वृत्तांत लिहिणारे पुष्कळ आहेत, परंतु वर गेलेले खाली कोणाच्या अंगणात येते याची कैफियत अद्याप कोणी नीट मांडलेली नाही.

लाडबोरीपासून आमचे गडचिरोली जिल्ह्यातले कुरखेडे फार दूर नाही. कुरखेड्याहून वडशाला यावे, वैनगंगा ओलांडून ब्रह्मपुरी गाठावी, आणि नागभीडवरून पुढे निघावे, की सिंदेवाही येते. वाटेवर धानाच्या बांध्या, बोड्या आणि रान यांचीच संगत असते. याच वाटेवरच्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावी दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या बांधीतून वेगळ्या लोंब्या निवडून एचएमटी हे धान जगाला दिले, ही गोष्ट जाता जाता सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा होईपर्यंत हा सारा मुलूख एकाच जिल्ह्याच्या दप्तरात होता, आणि दप्तरे वेगळी झाली तरी या झाडीपट्टीचे मन काही वेगळे झालेले नाही. सिंदेवाहीकडे काही घडले की त्याची चर्चा कुरखेड्याच्या बाजारात होणारच.

चैत्राचे दिवस मोहाचे. भल्या पहाटे टोपल्या घेऊन बायामाणसे मोहाखाली जातात. गळलेली फुले पाचोळ्यात हरवू नयेत म्हणून झाडाखालचा पाला आधीच झाडून पेटवून दिलेला असतो, आणि म्हणून या दिवसांत रात्रीच्या वेळी रानात आगीच्या रेघा सरकताना दिसल्या तरी कोणास नवल वाटत नाही. त्या संध्याकाळी मात्र आगीची रेघ रानात नव्हती, आकाशात होती. पाडव्याचा सण असल्याने माणसे घरी होती. रमजानचा चंद्र दिसतो काय हे पाहण्यासाठी मुसलमान बांधवांच्या नजरा पश्चिमेकडे लागून नुकत्याच खाली वळल्या होत्या. लाडबोरीत सामुदायिक भोजनाची सिद्धता चालली होती, असे तेथील मंडळींनी मागाहून वृत्तपत्रांस सांगितले. लालबुंद चक्र खाली येताना दिसले, मोठा आवाज झाला, आणि स्फोट झाला असे समजून लोक घरांत शिरले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

एकच अग्निरेखा जळगाव, बुलढाणा, अकोला, नागपूर येथील लोकांनी, आणि मध्यप्रदेशातीलही काही जिल्ह्यांतील लोकांनी पाहिली, हे ऐकून पुष्कळांना ते खोटे वाटले. पण त्यात असंभवनीय काही नाही. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू वातावरणात शिरते तेव्हा तिचा वेग सेकंदास साडेसात किलोमीटरच्या आसपास असतो, आणि सुमारे ८० किलोमीटर उंचीवर तिचे तुकडे होऊ लागतात. इतक्या उंचीवरचा जाळ शेकडो किलोमीटरच्या परिघातील माणसांना एकाच वेळी दिसू शकतो. जळगावापासून नागपुरापर्यंतचे जे अंतर कापण्यास आगगाडीला उभी रात्र लागते, ते या वेगाने एका मिनिटाच्या आत संपते. जाळ दिसतो तो वरच्या वरच. पुढे हवेच्या विरोधाने वेग सरत जातो, तुकडे काळे पडतात, आणि शेवटची काही मिनिटे ते नुसत्या आपल्या वजनाने खाली येतात. म्हणूनच ज्या गावावर ते पडतात त्या गावाला बहुधा अखेरच्या क्षणापर्यंत काहीच कळत नाही.

जिल्हाधिकाऱ्यांनी त्या रात्री वृत्तसंस्थेला दिलेली माहिती मोजकी होती: लाडबोरीत सायंकाळी सात वाजून पन्नास मिनिटांच्या सुमारास ॲल्युमिनियम व पोलाद यांची, कड्यासारखी दिसणारी वस्तू एका मोकळ्या भूखंडावर पडली. कड्याचा व्यास दोनतीन मीटर आणि वजन सुमारे ४० किलो भरले. बैलगाडीच्या चाकावर चढवलेल्या लोखंडी धावेच्या जवळजवळ दुप्पट ते होते. दुसऱ्या दिवशी त्याच तहसिलीतील पवनपार येथे फूट-दीड फूट व्यासाचा एक गोळा मिळाला, आणि नंतरच्या दिवसांत आसपासच्या रानाशिवारातून आणखी गोळे हाती आले. कोणास इजा झाली नाही. या सगळ्या वस्तू सिंदेवाहीच्या पोलिस ठाण्यात जमा करण्यात आल्या. ज्या ठाण्यात एरव्ही चोरीच्या सायकली, मोहाच्या दारूचे पिंप आणि सागाच्या चोरट्या पाट्या मुद्देमाल म्हणून पडून असतात, तेथे अंतराळातून आलेला मुद्देमाल येऊन पडला, आणि तो कोणाचा, त्याचा कब्जा कोणाकडे द्यावयाचा, याचे उत्तर ना तहसिलीच्या कचेरीत होते, ना जिल्ह्याच्या. तरीही गावच्या मंडळींनी व त्या अंमलदारांनी कर्तव्य चोख बजावले, याचा मला अभिमान वाटतो: वस्तू कोणी भंगारात घातली नाही, तिचे तुकडे करून वाटून घेतले नाहीत; ती जशीच्या तशी इस्रोच्या शास्त्रज्ञांसमोर आली.

पहिला संशय गेला तो एका खाजगी कंपनीवर. त्याच दिवशी भारतीय वेळेप्रमाणे सायंकाळी सहा वाजून गेल्यावर, न्यूझीलंडच्या माहिया द्वीपकल्पावरून रॉकेट लॅब या कंपनीचा इलेक्ट्रॉन हा अग्निबाण ब्लॅकस्काय या दुसऱ्या खाजगी कंपनीचे दोन उपग्रह घेऊन उडाला होता. दोन घटनांमध्ये पावणेदोन तासांहून कमी अंतर असल्यामुळे राज्यातील खगोल-अभ्यासकांनी प्रथम त्याचे नाव घेतले, आणि हा तर्क त्या घटकेस अगदी स्वाभाविक होता. परंतु हार्वर्ड-स्मिथसोनियन खगोलभौतिकी केंद्रात तेव्हा काम करणारे जोनाथन मॅकडॉवेल, ज्यांनी अंतराळातील प्रत्येक मानवनिर्मित वस्तूचा हिशेब ठेवण्याचे व्रत अनेक वर्षे चालविले आहे, त्यांनी वेगळे निदान केले. त्यांच्या मते ते चीनच्या चांग झंग ३बी या अग्निबाणाच्या वाय७७ क्रमांकाच्या प्रतीचा तिसरा टप्पा होते. तो फेब्रुवारी २०२१ मध्ये उडाला होता, लाडबोरीच्या घटनेच्या सुमारास तो वातावरणात शिरणार हे अगोदरच अपेक्षित होते, आणि त्याचा मार्ग महाराष्ट्रावरून गेलेल्या अग्निरेखेशी जुळत होता.

हा टप्पा चौदा महिने काय करीत होता, हे समजून घेण्याजोगे आहे. दूरसंचाराचे आणि काही टेहळणीचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर न्यावयाचे असतात. अग्निबाणाचा शेवटचा टप्पा त्यांना एका अतिलंबवर्तुळ मार्गावर सोडून देतो, ज्याचे एक टोक त्या उंचीला आणि दुसरे टोक पृथ्वीपासून अवघ्या काही शे किलोमीटरवर असते. उपग्रह स्वतःच्या इंजिनाने पुढे जातो. रिकामा टप्पा मात्र त्या मार्गावर फिरत राहतो, आणि प्रत्येक फेरीत जवळच्या टोकाशी विरळ हवेला घासून थोडा थोडा वेग गमावतो. दूरचे टोक महिन्यामहिन्याने खाली सरकते, लंबवर्तुळ आकसत जाते, आणि एक दिवस, एका फेरीत, हवा त्याला परत सोडीत नाही. तो दिवस कोणता हे आधी काही दिवस सांगता येते. जागा कोणती हे शेवटच्या तासापर्यंत नक्की सांगता येत नाही, कारण वेळेत दहा मिनिटांची चूक झाली तर जमिनीवर साडेचार हजार किलोमीटरांचा फरक पडतो.

अशा टप्प्याचा बहुतेक भाग वरच जळून जातो. ॲल्युमिनियम सहाशे-साडेसहाशे अंशांच्या आसपास वितळते. पण इंधनाच्या टाक्यांमध्ये दाब कायम राखण्यासाठी हेलियम वायू ज्या गोळ्यांत भरलेला असतो ते गोळे टायटॅनियमसारख्या, सोळाशे अंशांच्याही पुढे वितळणाऱ्या धातूचे केलेले असतात, आणि पुष्कळदा त्यांच्यावर कार्बनच्या तंतूंचे वेष्टन असते. शिवाय ते आतून पोकळ आणि आकाराच्या मानाने हलके असल्याने हवेत लवकर मंदावतात. जगात जेथे जेथे आकाशातून असे अवशेष आले, तेथे तेथे बहुधा गोळेच मिळाले आहेत. त्याच वर्षी मे महिन्यात गुजरातच्या आणंद आणि खेडा जिल्ह्यांतही असेच गोळे शेतांत पडले.

ज्या अग्निबाणाचा हा टप्पा होता त्याच्या कुळाची आणखी एक हकिकत झाडीपट्टीतल्या वाचकाला ठाऊक असावी. तो समुद्रकाठावरून नव्हे, तर चीनच्या अंतर्भागातील शिचांग येथून, डोंगरांच्या कुशीतून उडतो, आणि त्याचे खालचे टप्पे चीनमधल्याच खेड्यांच्या आसपास कोसळतात. १९९६ च्या फेब्रुवारीत त्याच्या पहिल्याच उड्डाणात तो कलंडून तळाशेजारच्या वस्तीवर जाऊन आदळला आणि माणसे मेली. लाडबोरीच्या लोकांचे खरे भाऊबंद तिकडच्या त्या डोंगराळ खेड्यांत राहतात, असे मी मानतो.

या गोष्टींसाठी कायदा नाही असे नाही. १९६७ च्या बाह्य अंतराळ कराराने दोन तत्त्वे घालून दिली: अंतराळात जे काही जाईल, ते सरकारने पाठविलेले असो की खाजगी कंपनीने, त्याची आंतरराष्ट्रीय जबाबदारी त्या त्या राष्ट्रावर राहील, आणि वस्तू परत पृथ्वीवर आली तरी तिची मालकी बदलणार नाही. पुढे १९७२ चा दायित्व करार झाला, आणि त्यात असे ठरले की अंतराळातून पडलेल्या वस्तूने जमिनीवर नुकसान केल्यास प्रक्षेपण करणारे राष्ट्र, त्याचा दोष सिद्ध करण्याची वाट न पाहता, भरपाई देण्यास बांधलेले आहे. भारत १९७९ साली या करारात सामील झाला. ते वर्ष आमच्या पिढीच्या आधीच्या लोकांना दुसऱ्याच कारणाने आठवते. अमेरिकेची स्कायलॅब ही सत्त्याहत्तर टनांची प्रयोगशाळा त्या वर्षी ११ जुलैला खाली आली. ती कोठे पडणार हे कोणासच सांगता येत नव्हते, आणि भारतभर त्या भीतीने लोकांची झोप उडाली होती. ती पश्चिम ऑस्ट्रेलियातील एस्परन्स गावाच्या परिसरात पडली, आणि त्या गावच्या स्थानिक मंडळाने उघड्यावर कचरा टाकल्याबद्दल नासाला ४०० डॉलरांचा दंड ठोठावला. त्याच्या आदल्या वर्षी सोव्हिएट संघाचा कॉस्मॉस ९५४ हा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडाच्या उत्तर भागात कोसळला होता. कॅनडाने साठ लाख डॉलरांचा दावा केला, आणि १९८१ साली तीस लाखांवर तडजोड झाली. करार अस्तित्वात असूनही त्याचा खराखुरा वापर इतका विरळ आहे, आणि जे राष्ट्र बलवान त्याच्याकडून तो करून घेणे किती अवघड, हे या आकड्यांवरून उमगते.

आता खाजगी अंतराळप्रवासाकडे वळू, कारण लाडबोरीच्या कड्यानंतर सहाव्या दिवशी, ८ एप्रिल २०२२ रोजी, फ्लोरिडातील केनेडी अंतराळ केंद्रावरून ॲक्सिअम-१ ही मोहीम निघाली. तीत सरकारी अंतराळवीर एकही नव्हता. नासातून निवृत्त झालेले मायकेल लोपेझ-अलेग्रिया नायक होते, आणि त्यांच्यासह लॅरी कॉनर, मार्क पॅथी व एतान स्टिबे हे तिघे धनिक आपापल्या खर्चाने, प्रत्येकी सुमारे साडेपाच कोटी डॉलर मोजून, आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर गेले. अग्निबाण स्पेसएक्स या खाजगी कंपनीचा, यानही तिचेच, प्रवासाची व्यवस्था ॲक्सिअम या कंपनीची. जगाच्या वृत्तपत्रांत त्या आठवड्यात याची वार्ता आली, आणि ती यायला हवीच होती.

कारण हा टप्पा गाठण्यास दोन दशके लागली होती. २८ एप्रिल २००१ रोजी डेनिस टिटो हे अमेरिकन गृहस्थ, नासाची नाराजी पत्करून, रशियाच्या सोयुझमधून स्वखर्चाने स्थानकावर गेले. तोवर अंतराळप्रवास ही राष्ट्रांच्या प्रतिष्ठेची आणि लष्करी शिस्तीची बाब होती. २००४ साली बर्ट रूटान यांच्या स्पेसशिपवन या यानाने एक कोटी डॉलरांचे बक्षीस जिंकून खाजगी यानही शंभर किलोमीटरांच्या वर माणूस नेऊ शकते हे दाखविले. इलॉन मस्क यांनी २००२ मध्ये स्थापिलेल्या स्पेसएक्सचे पहिले तीन अग्निबाण वाया गेले, आणि चौथा २८ सप्टेंबर २००८ रोजी पॅसिफिकमधील एका लहानशा बेटावरून कक्षेत पोहोचला. तो चौथाही गेला असता तर ती कंपनी बुडाली असती. डिसेंबर २०१५ मध्ये त्या कंपनीने पहिला टप्पा उभाच्या उभा जमिनीवर परत उतरविला, आणि मे २०२० मध्ये दोन अंतराळवीरांना स्थानकावर नेले. भारताच्या वाट्यालाही हा नवा काळ आला आहे. राकेश शर्मा १९८४ च्या ३ एप्रिलला दोन सरकारांच्या मैत्रीच्या बळावर गेले होते. शुभांशु शुक्ला २५ जून २०२५ रोजी ॲक्सिअम-४ मधून, म्हणजे भारत सरकारने एका खाजगी कंपनीकडे मोल भरून घेतलेल्या आसनावरून गेले, आणि १५ जुलैला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात सुखरूप उतरले.

टप्पा परत उतरविण्याची ती विद्या मला या सबंध कालखंडातील सर्वांत मोठी गोष्ट वाटते, आणि ती केवळ पैसा वाचविणारी म्हणून नव्हे. जो आपली वस्तू परत आणतो तो ती दुसऱ्याच्या छपरावर टाकीत नाही. ॲक्सिअम-१ चा पहिला टप्पा समुद्रातील तराफ्यावर उतरला. पण खाजगी कंपन्या या बाबतीत निर्दोष आहेत असे म्हणता येणार नाही. २०२२ च्या जुलैत ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स प्रांतात मेंढ्यांच्या कुरणात स्पेसएक्सच्या ड्रॅगन यानाच्या मागील भागाचे काळे पत्रे उभे रुतलेले मिळाले. २०२५ च्या फेब्रुवारीत त्याच कंपनीच्या फाल्कन अग्निबाणाचा वरचा टप्पा ठरल्याप्रमाणे समुद्रात उतरू शकला नाही, आणि त्याच्या टाक्या पोलंडमध्ये पोझनानजवळ येऊन पडल्या. सरकारेही निर्दोष नाहीत. मार्च २०२४ मध्ये अंतराळस्थानकावरून तीन वर्षांपूर्वी फेकून दिलेल्या जुन्या बॅटऱ्यांच्या ढिगातील सुमारे पाऊण किलोचा एक तुकडा फ्लोरिडातील नेपल्स येथे एका घराचे छप्पर व मजला भेदून आत गेला. त्या कुटुंबाला नासाकडे भरपाईचा दावा करावा लागला, कारण १९७२ चा करार राष्ट्राच्या स्वतःच्या नागरिकांना लागू होत नाही.

आणि आपणही यातून सुटत नाही. जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील ग्रीन हेडजवळच्या किनाऱ्यावर एक मोठे नळकांडे लाटांबरोबर वाहत आले. ऑस्ट्रेलियाच्या अंतराळसंस्थेने ते बहुतेक आपल्या पीएसएलव्ही अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचे असल्याचे सांगितले. लाडबोरीचा न्याय मागणाऱ्याने ग्रीन हेडची जबाबदारीही मनमोकळेपणाने स्वीकारली पाहिजे. इस्रोने त्या दिशेने पावले टाकली आहेत ही समाधानाची गोष्ट आहे: ७ मार्च २०२३ रोजी मेघा-ट्रॉपिक्स हा निवृत्त उपग्रह, ज्याची रचना मुळात नियंत्रित उतरणीसाठी केलेलीच नव्हती, तो उरलेले इंधन जपून वापरून प्रशांत महासागराच्या निर्जन भागात उतरविण्यात आला, आणि २०३० पर्यंत भारतातील सरकारी व खाजगी सर्व मोहिमा कचरामुक्त करावयाच्या, असा संकल्प २०२४ मध्ये जाहीर झाला.

अंतराळस्थानकाचाच विचार करा. चारशे टनांहून अधिक वजनाचे, माणसांनी २००० सालापासून अखंड वसविलेले हे घर या दशकाच्या अखेरीनंतर खाली आणावयाचे आहे, आणि त्यासाठी लागणारे यान बांधण्याचा ८४ कोटी ३० लाख डॉलरपर्यंतचा करार नासाने जून २०२४ मध्ये स्पेसएक्सशी केला. केवळ एक वस्तू नीट खाली आणण्यासाठी एवढा पैसा बाजूला काढला जातो, हे मला मानवी अंतराळप्रवासाच्या प्रौढत्वाचे लक्षण वाटते. पुढे खाजगी स्थानके होतील, त्यांवर राहावयास जाणारी माणसेही होतील. त्यांपैकी एखादा मुलगा किंवा मुलगी गडचिरोलीच्या आश्रमशाळेतून गेलेली पाहण्याची माझी इच्छा आहे, आणि ती मी लपवीत नाही.

आपल्याकडे १८ नोव्हेंबर २०२२ रोजी, म्हणजे लाडबोरीच्या घटनेनंतर साडेसात महिन्यांनी, स्कायरूट या हैदराबादच्या कंपनीचा विक्रम-एस हा देशातील पहिला खाजगी अग्निबाण श्रीहरिकोट्याहून उडाला. ३० मे २०२४ रोजी चेन्नईच्या अग्निकुलने आपला अग्निबाण उडविला. २०२३ मध्ये अंतराळधोरण आले; खाजगी मोहिमांना अनुमती देण्यासाठी इन-स्पेस ही संस्था त्याआधीच उभी राहिली होती. मात्र अंतराळविषयक स्वतंत्र कायदा, ज्याचा मसुदा २०१७ मध्ये लोकांपुढे ठेवण्यात आला होता, तो अजून व्हावयाचा आहे. तो होईल तेव्हा त्यात परवान्याची, विम्याची आणि गुंतवणुकीची कलमे येतीलच. त्यांच्या आधी, पहिल्या पानावर, वर नेलेली वस्तू कोठे व कशी उतरविणार हे सांगितल्यावाचून परवाना मिळणार नाही, असे कलम असावे. आकाशातून काही पडले तर ग्रामस्थांनी त्याला हात लावू नये, कारण गोळ्यांत कधी विषारी इंधनाचा अंश असू शकतो. तलाठ्याने कोणास कळवावे, ठाण्याने ते कोठे ठेवावे, कोणत्या मुदतीत इस्रोकडे सोपवावे, आणि शेताचे किंवा घराचे नुकसान झाले तर त्या शेतकऱ्याचा दावा परराष्ट्र खात्यापर्यंत कोणी नेऊन भिडवावा, हेही त्यात स्पष्ट मराठीत उतरले पाहिजे. मसुदा करणाऱ्या दिल्लीच्या अधिकाऱ्यांनी त्यापूर्वी सिंदेवाही पोलिस ठाण्याच्या दप्तरातील एप्रिल २०२२ च्या नोंदी मागवून घ्याव्यात.